बिअरचा छोटा केग: बाटल्यांचा खटाटोप वाचतो, पण दाब सांभाळावा लागतो

घरी बिअर बनवणाऱ्यांना सर्वांत नकोसे वाटणारे काम म्हणजे ती बाटल्यांत भरणे. एका वेळी सुमारे १९ लिटर बिअर केली, तर ३५५ मिलिलिटरच्या ५० हून अधिक बाटल्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, भरायच्या आणि प्रत्येकीला बूच ठोकायचे. हा खटाटोप टाळण्यासाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतले हौशी लोक छोटे केग वापरतात. केग म्हणजे गॅसचा दाब सहन करणारे बंद पिंप. भरायचे एकच भांडे आणि हवी तेवढीच बिअर नळातून काढायची सोय, हा त्याचा मोठा फायदा. मात्र बाटलीत जे काम आपोआप होते, ते केगमध्ये दाब, तापमान आणि स्वच्छता यांवर लक्ष ठेवून करावे लागते.

सरबताचा डबा बिअरकडे कसा आला?

घरगुती बिअरसाठी सर्वाधिक वापरला जाणारा केग मुळात बिअरसाठी बनलेलाच नव्हता. अमेरिकेत शीतपेयांचे दाट सिरप दुकानांपर्यंत पोहोचवण्यासाठी स्टेनलेस स्टीलचे उभट डबे वापरात होते. कॉर्नेलियस या कंपनीच्या नावावरून त्यांना ‘कॉर्नी केग’ म्हणतात. पुढे सिरप खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून येऊ लागले आणि हे डबे मोठ्या संख्येने मोडीत निघाले. हौशी लोकांनी ते स्वस्तात उचलले.

हे घडण्याआधीच कायद्याची वाट मोकळी झाली होती. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठीची परवान्याची अट १९६३ मध्ये गेली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरापुरती बिअर करमुक्त झाली. वर्षाला एका प्रौढामागे १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा आहे. विक्रीला परवानगी नाही.

कोणकोणते केग मिळतात?

कॉर्नी केगमध्ये ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर बिअर मावते. भरल्यावर त्याचे वजन २० किलोच्या वर जाते. त्याचे दोन प्रकार आहेत. पेप्सीच्या वापरातले ‘बॉल लॉक’ आणि कोका-कोलाच्या वापरातले ‘पिन लॉक’. दोघांच्या जोडण्या वेगळ्या असतात, एकाची दुसऱ्याला बसत नाही. म्हणून जुना केग घेताना हे आधी पाहावे लागते.

सहज उचलून नेण्यासाठी ४ ते १० लिटरचे स्टीलचे केग मिळतात. याशिवाय ५ लिटरचे पत्र्याचे डबेही असतात. जर्मनीत ते ‘पार्टीफास’ म्हणून ओळखले जातात. ते स्वस्त असतात, पण पातळ पत्र्यामुळे जास्त दाब सोसत नाहीत.

केग काम कसा करतो?

कॉर्नी केगला दोन तोंडे असतात. एका तोंडाला आखूड नळी असते, तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वरच्या मोकळ्या जागेत येतो. दुसऱ्या तोंडाची लांब नळी तळापर्यंत जाते. वरून गॅसचा दाब पडला की बिअर या नळीतून वर चढते.

हाच गॅस बिअरमध्ये विरघळून तिला फसफस देतो. द्रव जितका थंड आणि दाब जितका जास्त, तितका गॅस अधिक विरघळतो. ४ अंश सेल्सिअसला १२ पीएसआय दाब ठेवला, तर एक ते दोन आठवड्यांत नेहमीच्या बिअरइतका गॅस धरतो. तेवढाच गॅस २० अंशांना धरायला सुमारे ३० पीएसआय लागतात. म्हणून केग शक्यतो फ्रिजमध्येच ठेवतात.

ग्लासात नुसताच फेस येत असेल, तर बहुधा बिअर कोमट असते, दाब जास्त असतो किंवा नळाची नळी फार आखूड असते. साधारण ५ मिलिमीटर आतील व्यासाची, दोन ते तीन मीटर लांब नळी वेग कमी करते आणि बिअर शांतपणे बाहेर येते.

भरताना काय पाहतात?

आंबण्याची क्रिया पूर्ण झाली आहे ना, हे आधी तपासावे लागते. हायड्रोमीटरचे माप दोन-तीन दिवस बदलले नाही, तर ती थांबली असे मानतात. घाईने बंद केलेल्या बिअरमध्ये यीस्ट गॅस बनवतच राहते. पत्र्याचे डबे अशा वेळी फुगतात.

केगचे भाग सुटे करून धुणे आणि निर्जंतुक करणे ही पुढची पायरी. झाकणाची आणि तोंडांची रबरी रिंग कुकरच्या रिंगसारखीच झिजते आणि गॅस गळू लागतो. ब्लीचने स्टीलला गंज लागू शकतो, म्हणून ते टाळतात. भरल्यावर गॅस सोडून आतली हवा दोन-तीनदा बाहेर काढतात. हवेतला ऑक्सिजन राहिला, तर बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते.

बाहेर नेताना

छोट्या केगवर १६ ग्रॅमची गॅस कार्ट्रिज आणि लहान रेग्युलेटर बसतो. आधीच गॅस धरलेल्या ४ लिटर बिअरला बाहेर काढायला एक कार्ट्रिज साधारण पुरते. गॅस विरघळवण्याचे कामही तिच्यावर टाकले, तर कार्ट्रिज भराभर संपतात. साखर घालून केगमध्येच फसफस आणली असेल, तर तळाशी यीस्टचा गाळ असतो. प्रवासात तो ढवळला जातो, म्हणून पोहोचल्यावर केग थंड जागी स्थिर ठेवावा लागतो.

धोका कुठे आहे?

कार्बन डायऑक्साइडच्या मोठ्या सिलिंडरमध्ये खोलीच्या तापमानाला ८०० पीएसआयच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटरशिवाय तो केगला कधीही जोडत नाहीत. झाकण उघडण्याआधी आतला दाब पूर्ण सोडावा लागतो. सेफ्टी व्हॉल्व्ह बंद पडलेला केग वापरू नये. २०१२ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरमधल्या एका ब्रुअरीत हवेच्या दाबाने साफ करताना प्लास्टिकचा केग फुटला आणि एका कामगाराचा मृत्यू झाला.

गॅसची गळती हा दुसरा धोका. या गॅसला रंग नाही, वासही जाणवत नाही. बंद खोलीत किंवा गाडीत तो साचला, तर गुदमरून जीव जाऊ शकतो. जोडण्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहणे, ही गळती शोधण्याची सोपी रीत आहे.

महाराष्ट्रात चालते का?

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे. रिकामा केग विकत घेतल्याने बिअर बनवण्याची मुभा मिळत नाही. परदेशात राहणाऱ्यांनीही आपल्या राज्याचा किंवा देशाचा नियम आधी पाहणे आवश्यक आहे.