निरोप्याच्या हाती पासवर्ड

मोडेमची ती किंचाळी तुमच्याही कानात अजून असेल. १९९७ साली मी मिशिगनमधल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत होतो. परगावी गेलेल्या गिऱ्हाइकाला लांबचा फोन लावावा लागू नये म्हणून आम्ही शेजारच्या कंपन्यांशी करार केले, आणि प्रॉक्सी सर्व्हर उभारायचे काम माझ्या गळ्यात पडले.

या कल्पनेचे माहेर मिशिगनच. तीन विद्यापीठांनी १९६६ साली स्थापन केलेल्या 'मेरिट' संस्थेची राज्यभर मोडेम होती. सर्वांची नावनिशी प्रत्येक यंत्रात कोण ठेवणार? १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लिव्हिंग्स्टन कंपनीने 'रेडिअस' काढले. मोडेमच्या यंत्राने नुसते विचारायचे, हो-नाही सर्व्हरने सांगायचे. पाहुणा परका असेल तर नावाच्या शेपटावरून घर ओळखून प्रॉक्सीने प्रश्न तिकडे न्यायचा.

जानेवारी १९९७ मध्ये नियम प्रसिद्ध झाले. मूळचे १६४५ हे पोर्ट दुसऱ्याच सेवेच्या नावावर निघाल्याने अधिकृत क्रमांक पुढे १८१२ झाला. आम्ही १६४५ वर हाका मारत होतो, शेजारी १८१२ वर कान लावून बसलेले! चूक असली की रेडिअस भांडत नाही, गप्प बसते. त्या शांततेत माझी अख्खी रात्र गेली.

कारण शोधायला मी सगळी नोंद चालू केली होती. पहाटे जोडणी जुळली आणि पडद्यावर पासवर्ड उघडे दिसू लागले. प्रत्येक टप्प्याचे गुपित वेगळे, त्यामुळे प्रॉक्सीला पासवर्ड उलगडून पुन्हा गुंडाळावाच लागे. त्यात टोलेडोहून गणपतीसाठी आमच्या गावी आलेले एक परिचित होते. पासवर्ड म्हणजे त्यांच्या मुलीचे नाव. संध्याकाळी आरतीला ते म्हणाले, "अहो, तुमच्यामुळे इथेही मेल बघता आली!" मला मान वर करवेना.

पुढे २००३ च्या सुमारास युरोपातल्या विद्यापीठांनी 'एज्युरोम' सुरू केले. त्यात पासवर्ड बंद पाकिटात थेट घरच्या सर्व्हरकडे जातो, मधल्याला फक्त पत्ता दिसतो. जुनी पद्धत मात्र चालूच राहिली. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवले की तिच्यात वाटेत बसलेला लबाड सर्व्हरच्या 'नाही'चे 'हो' करू शकतो. तेहतीस वर्षे लागली हे उघड व्हायला!

ती फाइल मी त्याच दिवशी पुसली. त्या गृहस्थांना अजून सांगितलेले नाही.