शासकीय कार्यालयीन वेळ (महाराष्ट्र)

शासकीय कार्यालयीन वेळ म्हणजे शासनाच्या कार्यालयांत अधिकारी व कर्मचारी यांनी कामावर हजर राहण्यासाठी नियमाने ठरवून दिलेला काळ होय. महाराष्ट्र शासनाच्या बहुतांश कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून ही वेळ सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी आहे. या वेळेत उशिरा येणे, लवकर निघून जाणे, मधल्या वेळेत जागेवर नसणे किंवा रजा न घेता गैरहजर राहणे या सर्वांस बोलीभाषेत ‘दांडी मारणे’ म्हणतात. नियमांच्या भाषेत मात्र त्यांची नावे व परिणाम वेगवेगळे आहेत. ठरलेले तास तेवढेच ठेवून ते कर्मचाऱ्याला सोयीच्या वेळी भरू देण्याच्या पद्धतीस लवचीक कार्यालयीन वेळ असे म्हणतात. दांडी आणि लवचीक वेळ यांची सर्वसामान्य बोलण्यात पुष्कळदा गल्लत होते. पहिलीत तास बुडतात, दुसरीत ते सरकतात.

पाच दिवसांचा आठवडा

२०२० पूर्वी बृहन्मुंबईतील राज्य शासकीय कार्यालये सकाळी ९.४५ ते सायंकाळी ५.३० आणि मुंबईबाहेरील कार्यालये सकाळी १० ते सायंकाळी ५.४५ या वेळेत चालत. महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार सुटीचा असे. आठवडा पाच दिवसांचा करावा ही अधिकारी व कर्मचारी संघटनांची जुनी मागणी होती. केंद्र शासनाने आपल्या कार्यालयांपुरती ती पद्धत राजीव गांधी पंतप्रधान असताना ३ जून १९८५ पासूनच सुरू केली होती. महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने १२ फेब्रुवारी २०२० रोजी तसा निर्णय घेतला व त्याच महिन्याच्या २९ तारखेपासून तो लागू झाला.

हा निर्णय म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळालेली जादा सुटी, असा समज अजूनही आढळतो. त्या वेळी शासनाने मांडलेला हिशेब वेगळा होता. जुन्या पद्धतीत वर्षाला २८८ दिवस काम होई व जेवणाची अर्ध्या तासाची सुटी वगळता रोजचे काम ७ तास १५ मिनिटांचे असे; म्हणजे वर्षाचे २,०८८ तास. नव्या पद्धतीत दिवस २६४ झाले, पण रोजचे तास ८ झाले. म्हणजे वर्षाचे २,११२ तास. कागदावर कामाचे २४ तास वाढले. ते प्रत्यक्षात वाढतात की नाही, हे सायंकाळी साडेपाचनंतर कार्यालयात कोण असते यावर अवलंबून आहे. शिपाई संवर्गाची वेळ सकाळी ९.३० ते सायंकाळी ६.३० अशी ठेवण्यात आली, कारण कार्यालय उघडणे व बंद करणे त्यांच्याकडे असते. जेवणाची सुटी दुपारी १ ते २ या दरम्यान केवळ अर्ध्या तासाची आहे. तो सबंध एक तास जेवणाचा, अशी अनेक कार्यालयांची समजूत होती. ती दूर करण्यासाठी २०१९ मध्ये शासनाला स्वतंत्र परिपत्रक काढावे लागले होते.

पोलीस, शासकीय रुग्णालये, शाळा व महाविद्यालये, पाणीपुरवठा प्रकल्प, कारखाने आणि इतर अत्यावश्यक सेवा यांना पाच दिवसांचा आठवडा लागू नाही. निर्णय अमलात येऊन महिना होतो न होतो तोच कोविडची टाळेबंदी आली आणि कार्यालयांतील उपस्थिती पाच टक्क्यांवर आणावी लागली. त्यामुळे नव्या वेळापत्रकाची खरी परीक्षा बरीच लांबली.

हजेरी व तिच्यातील पळवाटा

हजेरीचे मूळ साधन हजेरीपत्रक. कार्यालयीन बोलीत ‘मस्टर’. कर्मचाऱ्याने आल्यावर त्यावर सही करायची आणि ठरलेली वेळ उलटल्यावर ते वरिष्ठांच्या टेबलावर जायचे, अशी रीत आहे. उशिरा येणाऱ्याच्या नावापुढे ‘लेट मार्क’ लागतो. मस्टर वरिष्ठांकडे वेळेवर गेले नाही, तर लेट मार्कही लागत नाही. आणि वरिष्ठच उशिरा येत असतील तर ते वेळेवर जाण्याचे कारणही उरत नाही. कार्यालयाच्या शिस्तीचे बरेचसे इंगित या एका वहीच्या प्रवासात आहे.

कामानिमित्त कार्यालयाबाहेर जाणाऱ्यासाठी हालचाल नोंदवही असते. तिच्यात जाण्याची वेळ, ठिकाण, कारण व परतीची वेळ लिहावी लागते. ज्या कार्यालयांत ही वही रिकामी असते, तेथे कोणी बाहेर जात नाही असा तिचा अर्थ काढणे धाडसाचे ठरेल.

दांडीची रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. सही करून चहाला गेलेली व्यक्ती जेवणानंतर उगवते. खुर्चीच्या पाठीवर कोट किंवा टेबलावर चष्म्याचे घर असते आणि माणूस नसतो. सोमवारी दुपारी येऊन आणि शुक्रवारी दुपारी निघून जोडसुटी लांबवली जाते. रजेचा अर्ज देऊन ठेवला जातो व तो दिवस निभावला की फाडून टाकला जातो. ‘साहेब मीटिंगला गेले आहेत’ हे उत्तर मात्र दांडीच्या यादीत सरसकट घालता येणार नाही, कारण पुष्कळदा ते खरे असते. तालुका पातळीवरचा कर्मचारी आढावा बैठका, निवडणुकीची कामे, पंचनामे व सर्वेक्षणे यांत गुंतलेला असतो. रिक्त पदांमुळे एकाच व्यक्तीकडे दोन-तीन ठिकाणचा अतिरिक्त कार्यभार असतो. तलाठ्याच्या (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) सजात अनेकदा एकाहून अधिक गावे येतात. त्यातील एका गावी तो हजर असला की बाकीच्या गावांत तो गैरहजरच असतो. रिकामी खुर्ची पाहून त्यामागचे कारण ओळखता येत नाही, आणि खरी दांडी याच धूसरपणाच्या आडोशाला राहते.

मुख्यालयी राहणे

ग्रामीण भागात वेळेचा प्रश्न राहण्याच्या जागेशी जोडलेला आहे. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य कर्मचारी यांनी नेमणुकीच्या गावी, म्हणजे मुख्यालयी राहावे अशी अपेक्षा असते आणि घरभाडे भत्ता त्याच्याशी निगडित असतो. ग्रामविकास विभागाने २०१९ मध्ये मुख्यालयी राहत असल्याबद्दल ग्रामसभेचा ठराव आवश्यक केला. प्रत्यक्षात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी बिऱ्हाड करून रोज ‘अप-डाउन’ करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशा ठिकाणी कार्यालयाची खरी वेळ एस.टी.चे वेळापत्रक ठरवते: पहिली गाडी पोहोचली की कार्यालय उघडते आणि परतीची शेवटची सोयीची गाडी निघण्यापूर्वी ते मिटते.

कर्मचाऱ्यांची बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. अनेक गावांत शासकीय निवासस्थाने नाहीत किंवा असलेली राहण्याजोगी नाहीत. मुलांच्या शिक्षणाची सोय नाही. पती-पत्नी दोघे नोकरीत असतील तर दोन मुख्यालये कशी सांभाळायची, याचे उत्तर नियमात नाही. परंतु परिणाम भोगावा लागतो तो गावकऱ्यालाच, आणि ठराव खोटा द्यायचा की कर्मचाऱ्याशी वाकडे घ्यायचे, हा पेच ग्रामसभेपुढे येतो.

नियम व कारवाई

राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांत कर्तव्यपरायणता अपेक्षिलेली आहे. रजेची व्यवस्था महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये, तर शिक्षेची महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये आहे. वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते आणि वारंवारच्या उशिराची किंमत प्रथम याच रजेतून वसूल होते. केंद्र शासनाच्या नियमानुसार उशिराच्या प्रत्येक दिवसाला अर्धा दिवस नैमित्तिक रजा वजा होते. मात्र महिन्यातून दोन वेळा, एका तासापर्यंतचा उशीर सक्षम अधिकारी माफ करू शकतो. जून २०२४ मध्ये केंद्राने ही सूट १५ मिनिटांवर आणून सकाळी ९.१५ ही हजेरीची शेवटची मर्यादा असल्याचे पुन्हा बजावले.

परवानगीवाचून दीर्घकाळ गैरहजर राहणे हे गैरवर्तन ठरते. तो काळ अकार्यदिन धरला जाऊ शकतो व विभागीय चौकशीअंती ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत शिक्षा होऊ शकते. रोजची अर्ध्या-पाऊण तासाची दांडी मात्र या यंत्रणेच्या जाळ्यात सहसा येत नाही. जाळीची भोके तेवढी बारीक नाहीत.

यंत्राद्वारे हजेरी

केंद्र शासनाने २०१४ मध्ये आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी सुरू केली. महाराष्ट्रातही अनेक कार्यालयांत बोटाचा ठसा किंवा चेहरा ओळखणारी यंत्रे बसली. मार्च २०२० मध्ये संसर्गाच्या भीतीने ती बंद ठेवण्यात आली. केंद्रीय कार्यालयांत ती नोव्हेंबर २०२१ मध्ये व मधल्या खंडानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. यंत्राला फसविण्याचे प्रयोगही झाले. ब्राझीलमध्ये २०१३ साली साओ पावलोजवळच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी सहकाऱ्यांची सिलिकॉनची बोटे वापरल्याचे प्रकरण जगभर गाजले.

यंत्राची मर्यादा दाखवणारा अधिक बोधक अनुभव भारतातलाच आहे. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात ग्रामीण परिचारिकांच्या हजेरीसाठी वेळ नोंदवणारी यंत्रे देण्यात आली व गैरहजेरीबद्दल वेतनकपात ठरली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व रेचेल ग्लेनर्स्टर यांनी या प्रयोगाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. सुरुवातीचे काही महिने उपस्थिती चांगलीच वाढली. सुमारे १६ महिन्यांनी फरक उरला नाही. यंत्रे बिघडली एवढेच कारण नव्हते. आरोग्य प्रशासनाने ‘सूट दिलेले दिवस’ वाढवत नेले आणि गैरहजेरीला रीतसर परवानगीचे रूप आले. वेळेवर न जाणाऱ्या मस्टरचीच ही यंत्रयुगातील आवृत्ती म्हणावी लागेल.

हजेरी म्हणजे काम नव्हे, हेही पाहण्यांतून दिसले आहे. मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आदी अभ्यासकांच्या पथकाने देशातील शासकीय प्राथमिक शाळांना पूर्वसूचना न देता भेटी दिल्या. त्यांना शिक्षकांपैकी सुमारे एक चतुर्थांश गैरहजर आढळले, पण प्रत्यक्ष शिकवताना आढळले ते जवळपास निम्मेच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात महाराष्ट्रातील गैरहजेरी १४.६ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वांत कमी होती. झारखंडमध्ये ती ४१.९ टक्के होती. या आकड्यांत अधिकृत कामासाठी बाहेर असलेलेही येतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

लवचीक वेळ

या पद्धतीचा उगम पश्चिम जर्मनीत मानला जातो. म्यूनिकजवळील ओट्टोब्रुन येथील एका विमान कंपनीत १९६७ मध्ये ती सुरू झाली. सकाळच्या वाहनकोंडीत कामगारांचे तास वाया जात, हे त्यामागील एक कारण होते. तिच्यात दिवसाचे दोन भाग असतात: सर्वांनी हजर असलेच पाहिजे असा मधला काळ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा, ज्यात येण्याजाण्याची वेळ कर्मचारी निवडतो असा काळ. अमेरिकेच्या संघीय शासनाने १९७८ च्या कायद्याने तिचा प्रयोग केला व १९८५ मध्ये ती कायम केली.

लवचीक वेळ आणि विभागलेली वेळ यांत फरक आहे. विभागलेल्या वेळेत निवड कर्मचाऱ्याची नसते; कार्यालय गट पाडून वेगवेगळ्या वेळा लावून देते. मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने कर्मचाऱ्यांसाठी ९ ते ५.३०, ९.३० ते ६ आणि १० ते ६.३० अशा तीन वेळा सुचविल्या, त्या या प्रकारच्या. पंजाबने २०२३ च्या उन्हाळ्यात वीज वाचवण्यासाठी कार्यालये सकाळी ७.३० ते दुपारी २ अशी चालवली. तेथे तर सर्वांचीच वेळ सरकली.

मुंबईत या विषयाला लोकलच्या गर्दीमुळे वेगळेच गांभीर्य आहे. सकाळी एकाच दिशेने, एकाच सुमारास लाखो लोक निघतात. कार्यालयांनी वेळा विभागाव्यात असा आग्रह मध्य रेल्वेने धरला आणि २०२३ मध्ये मुंबई विभागाच्या आपल्याच कार्यालयापासून त्याची सुरुवात केली. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले, तेव्हा शासकीय व खासगी कार्यालयांच्या वेळा बदलण्याची चर्चा पुन्हा जोरात झाली. कल्याण-कर्जतहून येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने अर्ध्या तासाची सवलत ही चैन नव्हे. गाडीच्या दारात लटकायचे की आत उभे राहायचे, एवढा तिचा अर्थ असू शकतो.

ज्या टेबलाचा नागरिकांशी संबंध नाही, तेथे लवचीक वेळ सहज चालते. खिडकीवरच्या कामाचे तसे नाही. दाखला देणारा लिपिक अकराला आणि त्यावर सही करणारा अधिकारी साडेनऊ ते पाच, अशी रचना झाली तर सहाला आलेल्या अर्जदाराला कर्मचारी दिसतो, दाखला मिळत नाही.

नागरिकांच्या दृष्टीने

शेतमजुराला उताऱ्यासाठी किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तालुक्याला जावे लागले की त्याची एका दिवसाची मजुरी व गाडीभाडे जाते. माणूस जागेवर भेटला नाही तर तोच खर्च पुन्हा होतो. याला ‘हेलपाटा’ असा नेमका मराठी शब्द आहे. त्याची नोंद कोणत्याही मस्टरमध्ये होत नाही.

हजेरीऐवजी कामालाच मुदत लावणारे दोन कायदे महाराष्ट्रात आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन व शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलात आला. त्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहता कामा नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोण किती वाजता आला, या प्रश्नाला या कायद्यांत स्थान नाही.

तो प्रश्न ज्याला विचारायचा असेल, त्याला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली हजेरीपत्रक व हालचाल नोंदवही यांच्या प्रती मागता येतात. जिल्हा व त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा निर्णयही शासनाने २०१८ मध्ये काढलेला आहे.