आठ महिन्यांचा समुद्र

खांडबारा हे नवापूर तालुक्यातील, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे गाव. सुरत येथून रेल्वेने शंभराहून अधिक किलोमीटर दूर. आमच्या वर्गात बसणाऱ्या अनेक मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. अशा ठिकाणी बसून शिडाच्या नौकांवर लिहिणे काहीसे विचित्र वाटेल, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही या विषयाकडे आम्हांस वळवले ते हजेरीपटाने. दिवाळीची सुटी संपते आणि काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सलग पडू लागतात. ती कुटुंबे कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात. पावसाच्या तोंडावर ती परततात. आठ महिने वाटेवर आणि चार महिने घरी, हे वेळापत्रक आम्हांला कुठेतरी वाचल्यासारखे वाटत होते. शोध घेता ते सापडले कोकणच्या गलबतांच्या इतिहासात.

उत्तर अटलांटिकच्या काठावर राहणाऱ्या लहान शिडाच्या नौकांच्या मालकांची एक रीत आहे. लांबलचक हिवाळा येण्याआधी ते नौका घेऊन दक्षिणेकडे निघतात. युरोपातले नाविक कॅनरी बेटांवर जमतात आणि नोव्हेंबरच्या अखेरीस, चक्रीवादळांचा मोसम संपत आला की, व्यापारी वाऱ्यांवर स्वार होऊन कॅरिबियन बेटे गाठतात. १९८६ पासून दरवर्षी अशा नौकांचा एक मोठा तांडाच लास पाल्मास बंदरातून सुटतो. पुढे वादळांचा मोसम १ जूनला पुन्हा सुरू होण्याआधी या नौका परतीच्या वाटेला लागतात. कोणाला ही श्रीमंतांची हौस वाटेल, आणि काही अंशी ती आहेही. परंतु तिच्या मुळाशी असलेले ज्ञान हौशी नव्हे. ‘केव्हा निघावे’ हा प्रश्न ‘कोठे जावे’ या प्रश्नाआधी सोडवावा लागतो, हे ते ज्ञान होय.

आपल्या किनाऱ्यावर बर्फ पडत नाही. आपल्या नाविकाचा ‘हिवाळा’ म्हणजे पावसाळा. ज्येष्ठात नैर्ऋत्येचा वारा सुटला की खाड्यांच्या मुखाशी लाटा फुटू लागतात आणि शिडाच्या नौकेला आत-बाहेर करणे जिवावरचे होते. म्हणून पावसाआधी नौका किनाऱ्यावर ओढायच्या, शिडे-दोर उतरवून कोरड्या जागी ठेवायचे आणि वरून झापांनी शाकारायचे, ही कोकणची जुनी रीत. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की दर्या पुन्हा उघडला. नारळी पौर्णिमेकडे आपण सण म्हणून पाहतो. नौकेच्या मालकाच्या लेखी मात्र ती नव्या वर्षाचा पहिला दिवस होती.

हे पंचांग फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक भाषेतील प्रवासग्रंथ कल्याण व चौल या बंदरांचा उल्लेख करतो. भारताकडे येणाऱ्या जहाजांनी जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघावे, असे तो सांगतो. म्हणजे ज्या नैर्ऋत्य वाऱ्याला भिऊन आपली गलबते शाकारली जात, त्याच वाऱ्यावर परदेशी जहाजे भर समुद्र ओलांडीत आणि त्याचा जोर ओसरताना आपल्या बंदरांना लागत. एकाचा बंद हंगाम तो दुसऱ्याचा खुला हंगाम. परतीसाठी ईशान्येचा वारा होताच.

किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या लहान गलबताला हे मोठे वारे पुरत नसत. त्याचा खरा आधार म्हणजे रोजचे दोन वारे. पहाटे जमिनीकडून वाहणारा मतलई आणि दुपारी समुद्राकडून येणारा खारा. मतलईवर खाडीबाहेर पडायचे, खाऱ्या वाऱ्यावर मजल मारायची आणि वारा पडला की नांगर टाकायचा. नारळ, काथ्या, मीठ, जळाऊ लाकूड, मंगळुरी कौले असा माल या रीतीने मुंबईपर्यंत जाई. एका हंगामात फेऱ्या किती होणार, यावर मालकाची वर्षाची मिळकत ठरे. त्यामुळे वैशाखातली शेवटची फेरी हा मोहाचा प्रसंग असे. आणखी एक फेरी पदरात पडली तर नफा. पाऊस आठवडाभर आधी आला, तर नौका, माल आणि माणसे अशी सगळीच जोखीम.

राज्यकर्त्यांनाही हे पंचांग मोडता आले नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ (इ. स. १७१५ च्या सुमारास) साहित्याचे विद्यार्थी गद्याचा नमुना म्हणून वाचतात. त्यातील आरमाराचे प्रकरण मात्र नौकांच्या वर्षचक्राचे शास्त्र म्हणून वाचण्याजोगे आहे. पावसाच्या आधीच आरमार सुरक्षित बंदरी छावणीस न्यावे, आणि दरवर्षी त्याच बंदरी नेऊ नये, असे अमात्य बजावतात. कारण विचारात घेण्यासारखे आहे. चार महिने रिकामे बसलेले आरमारी लोक आसपासच्या गावांना उपद्रव देतात. तो भार एकाच गावावर पडू नये, ही त्यामागची दृष्टी. बंद हंगामाचा विचार करताना लाकडाच्या कुजण्याबरोबर रयतेच्या सोसण्याचाही हिशेब करणारा हा गद्यकार आहे. जहाजांसाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत, ही त्याची प्रसिद्ध आज्ञा याच प्रकरणातली.

युद्धेही या पंचांगाने बांधलेली होती. शिवाजी महाराजांची बसरूरची सागरी मोहीम फेब्रुवारी १६६५ ची. पुढे १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्रे यांचा सुवर्णदुर्ग घेतला. परंतु पावसाळा जवळ आला म्हणून त्याला मुंबईस परत बोलावण्यात आले. विजयदुर्ग पडला तो पुढच्या हंगामात, फेब्रुवारी १७५६ मध्ये. आपण इतिहासाच्या पुस्तकांत या दोन तारखा दोन स्वतंत्र घटना म्हणून पाठ करतो. त्यांच्यामधील रिकामे महिने वाऱ्याने घडवलेले आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही.

हंगाम ठाऊक असणे हे जसे बळ, तसे ते संकटही. खांडबाऱ्याला जवळचे मोठे बंदर सुरतच. मुघल काळात तेथून हाजींची आणि व्यापाऱ्यांची जहाजे तांबड्या समुद्राकडे जात आणि ठरल्या हंगामात परतत. ती केव्हा परततील हे चाच्यांनाही कळत असे. १६९५ च्या सप्टेंबरात हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ‘गंज-ई-सवाई’ हे बादशाही जहाज लुटले, ते सुरतेला परतत असतानाच. वाऱ्याने दिलेली तारीख सर्वांनाच वाचता येते.

मग वाफेची यंत्रे आली आणि माणसाला वाटले, आता पंचांगाची गरज संपली. १७ जुलै १९४७ रोजी, भर पावसाळ्यात, आषाढी अमावास्येच्या सुमारास, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. नौकेत यंत्र होते; पण जुलैचा समुद्र जुलैचाच राहिला होता. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. माशांची वीण सांभाळणे हा तिचा हेतू असला, तरी तिच्या पाठीशी जुन्या बंद हंगामाची स्मृती आहे, असे आम्हांस वाटते.

शिडाच्या नौकेचा विषय इथे संपला असता. परंतु अलीकडच्या इतिहासाने त्याला एक सुंदर जोड दिली आहे. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने कमांडर दिलीप दोंदे यांनी शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ ही त्यांची छप्पन्न फुटी नौका गोव्यात, मांडवीच्या काठी बांधली गेली आणि तिला नाव मिळाले त्याच नदीचे. दोंदे मुंबईहून निघाले १९ ऑगस्ट २००९ रोजी आणि परतले मे २०१० मध्ये. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा होती ५ ऑगस्टला! अभिलाष टॉमी यांची विनाथांबा प्रदक्षिणा नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू होऊन पुढच्या वसंतात संपली. ‘तारिणी’वरील सहा महिला अधिकारी सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये परतल्या. २०२४–२५ मध्ये त्याच नौकेवरून दोन महिला अधिकाऱ्यांनी केलेली प्रदक्षिणाही ऑक्टोबर ते मे अशीच.

केप हॉर्नचे भूशिर दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यातच ओलांडावे लागते, हे या वेळापत्रकाचे मुख्य कारण. तेथल्या हिवाळ्यापासून आणि आपल्या पावसाळ्यापासून, अशी ही दुहेरी सुटका आहे. तरी गंमत अशी, की उपग्रहांच्या मदतीने आखलेली पृथ्वीप्रदक्षिणा शेवटी बसली ती कोकणातल्या नाखव्याच्या आठ महिन्यांतच. आणखी एक योगायोग आमच्यासारख्यांना सुखावणारा. आवटी निवृत्तीनंतर राहिले ते फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी, समुद्रापासून दूर, दुष्काळी मुलखात. समुद्राचा विचार करायला काठावरच राहावे लागते असे नाही.

आता हजेरीपटाकडे परत येऊ. हंगामी प्रवासाला आपण कधी साहस म्हणतो, कधी व्यापार, कधी स्थलांतर, तर कधी नुसती गैरहजेरी. शब्दांची ही निवड निर्हेतुक नसते. कॅनरी बेटांवर जमलेला नौकामालक आणि खांडबाऱ्याच्या फलाटावर बोचके घेऊन बसलेले कुटुंब, दोघेही ऋतू पाहूनच निघालेले असतात. भेद आहे तो ज्ञानाचा नव्हे, मालकीचा. नौका ज्याची, निघण्याचा दिवस त्याचा. ऊसतोडीला जाणाऱ्याचा दिवस मात्र मुकादमाची उचल ठरवते. गलबतावरच्या खलाशाची स्थितीही मालकापेक्षा याच्याच जवळची असणार. मालकाची शेवटची फेरी हा त्याचा हिशेब होता. खलाशाचा तो जीव होता.

अमात्यांनी बंद हंगामात कोणावर भार पडतो, हे विचारले. इतिहास शिकवताना आपण खुल्या हंगामाबद्दलही तेच विचारायला हवे. दर्या उघडला, हे खरे, पण कोणासाठी? पुढच्या दिवाळीनंतर हजेरी घेताना त्या रिकाम्या चौकटींपुढे आम्ही खूण करूच, नियम तसा आहे. परंतु ती करताना, एक गलबत मतलई वाऱ्यावर खाडीबाहेर पडले आहे आणि त्याच्या सुकाणूवर हात दुसऱ्याचा आहे, एवढे आम्हांस आठवत राहील.