कमवा, शिका आणि एकशे वीस तास : पगारी शिक्षणाची आपली गोष्ट

आजच्या भागाचा विषय तुमच्यापैकी पुष्कळ जणांच्या मार्कशीटवर येणार आहे, काहींच्या आलाही असेल. ओजेटी. ऑन जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या शेवटच्या टप्प्यात चार क्रेडिटची ओजेटी असते. एका क्रेडिटचे तीस तास धरले तर एकशे वीस तास. म्हणजे कुठेतरी जायचं, काम करायचं, वहीत सही घ्यायची, अहवाल लिहायचा आणि क्रेडिट मिळवायचं.

आता आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या मुलांना काम म्हणजे काय हे कॉलेजने शिकवायची गरज नाही. मे महिन्यात तारकर्लीला जा. स्कूबाच्या बोटीवर पर्यटकांना जॅकेट बांधणारा पोरगा एफवायला असतो. देवगडात आंब्याच्या पेट्या भरायला, वेंगुर्ल्यात काजूच्या कारखान्यात, आईच्या खानावळीत सोलकढी वाढायला, सगळीकडे कॉलेजची मुलं-मुली आहेत. ही मंडळी कमावतात आणि शिकतात, पण डिग्रीच्या हिशोबात ते काम कधी धरलं गेलं नाही. ओजेटीत नेमकं उलट होऊ शकतं. काम हिशोबात धरतात, पण पैसे मिळतीलच असं नाही. मग सीझनची मजुरी सोडायची, वर एसटीचं भाडं खिशातून घालायचं आणि फुकट राबायचं? हा प्रश्न आजचा वाटतो, पण महाराष्ट्रात तो शंभर वर्षं चालू आहे. म्हणून आज थोडं मागे जाऊ.

सुरुवात साताऱ्यापासून. भाऊराव पाटील, जन्म १८८७, गाव कुंभोज, जिल्हा कोल्हापूर. हा माणूस एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरायचा. शेतकऱ्याच्या घरात पोरगं हुशार असतं, पण शिकायला पैसा नसतो, हे त्याने वर्गात बसून नाही, ओसरीवर बसून पाहिलं. १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि तिथे वसतिगृह उभं राहिलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, स्वयंपाक स्वतः करायची, शेतात राबायची. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले, आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते आणि ऐकून भारावून जातो. मला मात्र त्यातला रोकडा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या जेवणाचा खर्च कोणीतरी उचलत होतं. कधी बाईचे दागिने, कधी गावातून गोळा झालेलं मूठमूठ धान्य, कधी मुलांनीच पिकवलेलं. खर्च हवेत विरत नव्हता.

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’, हे रयतचं घोषवाक्य. १९४७ च्या जूनमध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, आणि ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना शाळेतून थेट कॉलेजात गेली. गरीब घरातला मुलगा कॉलेजच्या जमिनीवर काम करून बीए होऊ शकतो, हे तेव्हा पुष्कळांना विचित्र वाटलं असणार. आज महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम आणि तासावर मानधन. मूळ तेच. रयतच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

पण इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. भाऊरावांच्या योजनेत काम हे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी होतं. माती खणून तुम्ही इतिहास शिकत नव्हता. खणून फी आणि जेवण निघत होतं, इतिहास वर्गात शिकत होता. कामाने घाम गाळायची लाज गेली, हे मोठंच. तरी पदवीत त्या कामाला गुण नव्हते.

कामातूनच शिकायचं ही कल्पना वेगळ्या वाटेने आली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी नयी तालीम मांडली : मुलांना सूतकताईसारखा एखादा उद्योग शिकवा, त्यातूनच गणित, भाषा, भूगोल शिकवा, आणि मुलांनी बनवलेल्या मालातून शिक्षकाचा पगारही निघू द्या. शेवटच्या मुद्द्यावर वाद झाला. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी तिथेच शंका काढली की शाळेत स्वस्तात बनलेला माल खऱ्या कारागिरांच्या पोटावर येईल. हा आक्षेप मला अजून जिवंत वाटतो. एखाद्या रिसॉर्टने दर सीझनला चार इंटर्न फुकट घेतले, तर गावातल्या चार मुलांची मजुरी गेली की नाही?

नयी तालीमचं वारं आपल्याकडेही आलं. कणकवलीचा गोपुरी आश्रम तुम्ही हायवेवरून जाताना पाहिला असेल, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं असेल. १९४८ मध्ये आप्पासाहेब पटवर्धनांनी तो सुरू केला. पुण्यात तत्त्वज्ञान शिकवणारा हा प्राध्यापक, नोकरी सोडून गांधींच्या मागे गेला आणि ‘कोकणचे गांधी’ म्हणून ओळखला गेला. आश्रमात काय चाललं? संडास, सोनखत, मेलेल्या जनावराचं कातडं काढणं. ज्या कामाला गावात कोणी शिवत नव्हतं, ते ब्राह्मण घरातल्या शिकलेल्या माणसाने शास्त्र म्हणून हातात घेतलं. आज कॉलेजात ‘डिग्निटी ऑफ लेबर’वर स्लाइड दाखवतात ना, त्याचं मूळ आपल्याच जिल्ह्यात, आपल्या बाजूला आहे.

कोकणाची तिसरी वाट मुंबईला जाणारी होती. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्याच्यातून १ मे १९८१ ला आपला सिंधुदुर्ग वेगळा झाला, हजारो माणसं गिरणीत गेली. मनीऑर्डर गावाला आणि शिक्षण रात्रशाळेत. तिथे काम आणि अभ्यास यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, एकाने दुसऱ्याचं तिकीट काढलं इतकंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण नोकरी करणाऱ्या मुलाला दिवसा वेळ नसतो. वेळापत्रक मुलाच्या पोटाप्रमाणे बदललं. आजही किती कॉलेजं हे करतात, तुम्हीच सांगा.

मग काम, शिक्षण आणि पगार ही तिन्ही एकत्र कधी आली? जगात याचं एक जुनं ठळक उदाहरण अमेरिकेतलं. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकाने २७ विद्यार्थ्यांना घेऊन प्रयोग केला. काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात, आळीपाळीने. कारखाना मजुरी देणार आणि विद्यापीठ ते काम अभ्यासक्रमाचा भाग मानणार.

आपल्याकडे कायदा आला १९६१ मध्ये. अप्रेंटिस ॲक्ट. आधी तो आयटीआयवाल्यांसाठी होता, १९७३ च्या दुरुस्तीने इंजिनिअर आले, २०१४ च्या दुरुस्तीने बीए, बीकॉम, बीएस्सीवालेही. २०१९ च्या नियमांत पदवीच्या अप्रेंटिसला महिना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं, आणि केंद्राच्या योजनेतून त्यातला निम्मा वाटा सरकार उचलू शकतं. यूजीसीनेही २०२० मध्ये अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे कागदावर सगळं आहे : पदवी, काम, पैसे.

आता खरी गोम. त्याच नियमांप्रमाणे अप्रेंटिस घेण्याची सक्ती कोणावर? ज्यांच्याकडे तीस किंवा जास्त माणसं कामाला आहेत त्यांच्यावर. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जी. चारपेक्षा कमी असतील तर विषयच नाही. आता मालवण डोळ्यांसमोर आणा. होमस्टे चालवणारं घर, दोन बोटींचा स्कूबावाला, सात-आठ बायका असलेलं काजू प्रक्रिया युनिट, रापणीचा संघ, चिवल्याच्या बाजूची खानावळ. तीस माणसं कुठे आहेत? पुण्याच्या चाकणला, मुंबईच्या अंधेरीला हा कायदा लागतो. आपल्या किनाऱ्यावर आल्यावर तो ओहोटीच्या पाण्यासारखा मागे सरतो. कोणी वाईट नाही यात. कायदा कारखान्याचं चित्र समोर ठेवून लिहिला आणि किनाऱ्यावर कारखाना नाही.

दुसरी गंमत. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सुरुवातीला सहा महिने प्रशिक्षण, बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. पुष्कळ मुलांनी अर्ज केले. पण शिक्षण चालू असलेल्याला ती लागू नाही! म्हणजे शिकताना काम कराल तर क्रेडिट, शिकून झाल्यावर कराल तर पैसे. दोन खिडक्या, आणि तुम्ही एका वेळी एकाच खिडकीसमोर उभे.

पण आपल्याच जिल्ह्यात एक नमुना चालू आहे, तो सांगितल्याशिवाय हा भाग संपत नाही. पावसात गावात एखाद्या शेतकऱ्याच्या पडवीत आठ-दहा कॉलेजच्या मुली बसलेल्या दिसतात, अंगात एकसारखे टीशर्ट, समोर बोर्डो मिश्रणाची बादली. पेपरात बातमी येते, ‘कृषिकन्यांकडून शेतकऱ्यांना मार्गदर्शन’. मुलगे असले तर कृषिदूत. हसू नका त्या बातमीला. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, आणि बीएस्सी ॲग्रीच्या मुलांना शेवटच्या वर्षी ग्रामीण कृषी कार्यानुभव सक्तीचा असतो. १९९२ च्या रंधावा समितीने याचा आग्रह धरला होता, आणि कल्पना डॉक्टरांच्या इंटर्नशिपवरून घेतलेली होती : एमबीबीएसवाला जसा वर्षभर दवाखान्यात राबतो तसा शेतीवाल्याने गावात राबावं. मुलं गावात राहतात, गावाचा नकाशा काढतात, मातीचे नमुने घेतात, सुपारीच्या कोळे रोगावर फवारणी दाखवतात, फळमाशीचा रक्षक सापळा बागेत टांगतात. शेतकरी त्यांना शिकवतो आणि ते शेतकऱ्याला. २५ जुलै २०१५ ला हा सगळा प्रकार ‘स्टुडंट रेडी’ नावाखाली नव्याने मांडला गेला, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून महिना ३,००० रुपये, जास्तीत जास्त सहा महिने, अशी विद्यावेतनाची सोय झाली.

तीन हजारात आजच्या काळात खोली आणि डबाही नीट भागत नाही, मान्य. पण बघा, इथे पैसे कोण देतंय? शेतकरी नाही. मालवणचा बागायतदार कधीच इंटर्नला पगार देऊ शकला नसता. पैसे देणारी संस्था दिल्लीत, राबण्याची जागा कोकणात, अभ्यासक्रम दापोलीत. तीन ठिकाणी तीन जबाबदाऱ्या वाटल्या, म्हणून छोट्या गावात पगारी प्रशिक्षण शक्य झालं. वैद्यकीयचंही तसंच. इंटर्न डॉक्टरला विद्यावेतन मिळतं, आणि कमी वाटलं तेव्हा त्या मुलांनी संप करून वाढवून मागितलं आहे. बीएच्या किंवा बीकॉमच्या मुलाने ओजेटीसाठी संप केल्याचं ऐकलंय? त्याला मुळात आपण कामगार आहोत हेच कोणी सांगितलेलं नसतं.

मग आपल्या होमस्टेवाल्याने काय करावं? कायद्यात एक सोय आहे जी फार कोणी वापरत नाही : अप्रेंटिस स्वतः न घेता मान्यताप्राप्त मधल्या संस्थेमार्फत घेता येतो, म्हणजे सगळा कागदोपत्री व्याप एका ठिकाणी. तारकर्ली-देवबागचे दहा व्यावसायिक एकत्र आले, एखाद्या सहकारी संस्थेने किंवा कॉलेजने मधला भार उचलला, तर एकट्याला न झेपणारं विद्यावेतन वाटून घेता येईल. निम्मा वाटा सरकारी योजनेतून निघाला तर उरलेला सीझनच्या एका आठवड्याच्या धंद्यात निघू शकेल. रापणीत जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीत वाटा मिळतो, जाळ्याच्या मालकाचा वेगळा, हे आपल्या किनाऱ्याला कोणी नव्याने शिकवायला नको. शिकणाऱ्याचा वाटा किती, एवढंच ठरवायचं राहिलंय.

तोवर, कॉलेजने ओजेटीचा फॉर्म हातात दिला तर सही करण्याआधी विचारा : विद्यावेतन आहे का, नसेल तर प्रवासाचं काय, मी आधीच जिथे काम करतो तिथलेच तास धरता येतील का. शेवटचा प्रश्न नक्की विचारा, विशेषतः ज्यांचं घरचंच हॉटेल आहे किंवा जे बोटीवर आहेत त्यांनी. आणि उत्तर काय मिळालं ते आम्हाला व्हॉइस नोटवर कळवा. कॉलेजचं नाव सांगू नका, तास आणि रुपये मात्र सांगा. पुढच्या एखाद्या भागात सगळ्यांची उत्तरं एकत्र वाचू.