कोर्दोबाची पोरं आणि आपण

मित्रांनो, विद्यार्थ्यानं शिकावं, पास व्हावं आणि गुमान घरी जावं. विद्यापीठ चालवायचं ते मोठ्यांनी. हे आपल्या कानीकपाळी शाळेपासून ओरडलं जातं. हे न ऐकणाऱ्या पोरांची एक गोष्ट आहे. १९१८ सालची, दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशातली, कोर्दोबा शहरातली.

तिथलं विद्यापीठ १६१३ साली जेझुइट पाद्र्यांनी उभं केलेलं. तीनशे वर्षं उलटली तरी कारभार ठराविक घराण्यांच्या आणि धर्ममार्तंडांच्या मुठीत. प्राध्यापकाची खुर्ची एकदा मिळाली की मरेस्तोवर सुटायची नाही. भरायची ती नात्यागोत्यातून. ओळखीचं वाटतंय ना?

१९१७च्या अखेरीला इस्पितळातलं वैद्यकीच्या पोरांचं वसतिगृह बंद केलं. ठिणगी तिथं पडली. मार्च १९१८ मध्ये संप. राष्ट्राध्यक्ष इरिगोयेन यांच्या सरकारनं मध्यस्थ धाडला, नियम बदलले. पण कुलगुरू निवडायचं मत ठेवलं प्राध्यापकांकडंच. १५ जूनला जुन्याच टोळक्याचा आन्तोनिओ नोरेस निवडून आला. पोरं सभागृहात घुसली, सामान फोडलं, पुन्हा संप पुकारला. २१ जूनला जाहीरनामा निघाला. तो लिहिला देओदोरो रोका यानं. विद्यापीठाचा कारभार ठरवायचा पहिला हक्क विद्यार्थ्यांचा, हे त्यानं ठणकावून सांगितलं. ऑगस्टात नोरेसनं राजीनामा दिला.

९ सप्टेंबरला पोरांनी विद्यापीठच ताब्यात घेतलं. कायदा, वैद्यकी, इंजिनिअरिंग, तिन्ही विभागांवर आपलेच प्रमुख नेमले. सैन्य आलं, ८३ जणांना धरून नेलं. पण सरकारलाही वाकावं लागलं. ऑक्टोबरात नवे नियम आले आणि कारभारी मंडळं निवडण्यात विद्यार्थ्यांना वाटा मिळाला. पुढच्याच वर्षी पेरूमधल्या लिमा शहरात हीच मागणी उठली. मग ती खंडभर पसरली.

लढा मोठाच. पण इतिहास वाचताना आपण एक सवाल टाकायचा असतो : यात आपल्यासारखे कुठं होते? कोर्दोबाच्या वर्गात मजुरांची, आदिवासींची पोरं जवळपास नव्हतीच. खुर्ची मिळाली १९१८ साली. अर्जेंटिनातल्या विद्यापीठांची फी माफ झाली १९४९ साली. मधली ३१ वर्षं विद्यार्थ्यांचा आवाज आत होता, गरिबाचं पोरगं मात्र बाहेर. म्हणजे 'विद्यार्थी' ही एक जात नाही. त्या शब्दातही वरचे-खालचे आहेत.

हे बाबासाहेबांनी आधीच ओळखलं होतं. १९२७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठाच्या बिलावर बोलताना त्यांनी सिनेटवर मागासलेल्या वर्गाचं प्रतिनिधित्व मागितलं. ज्याला विद्यापीठाची गरज सर्वात जास्त, त्याचाच माणूस तिथं नसावा?

आणि मराठवाड्यात काय झालं? २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. विरोधात रस्त्यावर उतरलेल्यांत विद्यार्थीही होतेच. विद्यार्थ्यांचाच आवाज, पण कुणाच्या विरुद्ध? लाँग मार्च झाले, माणसं मेली, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ला बाबासाहेबांचं नाव कमानीवर लागलं.

त्याच १९९४ साली महाराष्ट्राचा नवा विद्यापीठ कायदा आला. त्यात विद्यार्थी मंडळावर वर्गप्रतिनिधी मतानं येईना, मार्कांनी येऊ लागला. वर्गात पहिला तो प्रतिनिधी! 'गुणवत्ता' हा शब्द आपल्याला कुठं कुठं मारतो, हे तुम्हाला काय सांगायचं. पहिल्या नंबरवाल्याला अडकलेल्या स्कॉलरशिपचं, होस्टेलच्या पातळ वरणाचं काय पडलंय? एका हातानं नाव दिलं, दुसऱ्या हातानं मत काढून घेतलं. २०१६च्या कायद्यानं निवडणूक पुन्हा आणली, पण कागदावरचा हक्क पायांनी चालत येत नसतो.

म्हणून मित्रांनो, कोर्दोबाकडून धाडस घ्या, पण त्यांची चूक घेऊ नका. सिनेटची जागा मागायचीच. पण जो त्या जागेवर बसेल, त्यानं फी, स्कॉलरशिप, वसतिगृह आणि रिकाम्या ठेवलेल्या राखीव जागा यांचा हिशोब पहिल्याच बैठकीत मागितला पाहिजे. नाही मागितला, तर त्यालाही सवाल करायचा. तो आपला असला तरी.