उसन्या वंशाची किंमत



आपण जे नाही ते आहोत असे सांगणे म्हणजे खोटे बोलणे, हे लहान मुलालाही कळते. परंतु एखाद्या देशाचा कायदाच माणसाला 'तुझा वंश कोणता?' असे विचारू लागला आणि त्या उत्तरावर त्याचे घर, शेत व नागरिकत्व अवलंबून राहू लागले, तर त्याने काय उत्तर द्यावे? अमेरिकेत गेलेल्या आपल्या देशबांधवांच्या इतिहासात या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे.

१७९० साली अमेरिकेने कायदा केला, की परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसासच नागरिक होता येईल. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून गेलेला माणूस या दोहोंत बसत नव्हता. त्यामुळे कोर्टात 'मी गोरा आहे' असे सिद्ध करण्यावाचून त्याला मार्ग उरला नाही. कलकत्त्यात जन्मलेले, अफगाण वंशाचे अब्बा डोल्ला यांचे प्रकरण १९१० साली वरिष्ठ कोर्टापर्यंत गेले. खालच्या कोर्टातील न्यायाधीशाने त्यांना बाही वर करावयास लावून, उन्हाने न रापलेली कातडी पाहिली होती! माणसाची योग्यता अशा रीतीने तपासली जात होती.

पंजाबातील भगतसिंग थिंड १९१३ साली अमेरिकेत गेले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात भरती झाले. मिळालेले नागरिकत्व सरकारने आव्हान दिल्यामुळे त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या काळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांची गणना युरोपियनांबरोबर 'कॉकेशियन' वंशात करीत. थिंड यांच्या बाजूने हाच आधार घेण्यात आला. एवढ्यावरच न थांबता असेही मांडले गेले, की गोरा अमेरिकन जसा निग्रोशी विवाहसंबंध टाळतो, तसाच उच्चवर्णीय भारतीय इथल्या आदिवासींशी टाळतो. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. स्वतःचा हक्क मागताना आपल्याच मायभूमीतील दुबळ्यांना खाली ढकलले गेले.

त्याचा उपयोग झाला काय? मुळीच नाही. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी, जपानी गृहस्थ ओझावा यांचा अर्ज फेटाळताना, याच न्यायालयाने 'गोरा म्हणजे कॉकेशियन' असे म्हटले होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी सांगितले, की शास्त्रज्ञ काही म्हणोत, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! त्यानंतर अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई यांनी तर १९२८ साली, आपली व्यथा सांगणारे पत्र मागे ठेवून, जीवनाचा अंत केला.

अखेर दार उघडले ते कोणी गोरा ठरल्यामुळे नव्हे. जे. जे. सिंग, मुबारक अली खान आदींनी भारतीयांसाठी कायदाच बदलावा म्हणून खटपट केली. १९४६ साली तसा कायदा झाला, आणि १९५२ साली नागरिकत्वाची वंशाची अट सर्वांसाठीच गेली.

या उलट उदाहरण अलीकडचे आहे. गोऱ्या आईबापांची कन्या रेचेल डोलेझल ही स्वतःस कृष्णवर्णीय म्हणवीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या स्पोकेन शाखेची अध्यक्षा झाली. २०१५ साली सत्य उघड झाल्यावर तिला पद सोडावे लागले. त्या संस्थेत गोऱ्या माणसास मज्जाव नव्हता. आपल्या खऱ्या नावारूपाने तिला तेच कार्य करता आले असते. थिंड यांना कायद्याने कोंडीत पकडले होते, तिला तसे कोणी पकडले नव्हते. म्हणून दोघांचा दोष एका तागडीत तोलता येणार नाही. तथापि एक प्रश्न दोघांनाही विचारावा लागेल: तुमच्या दाव्याची किंमत कोणी मोजली? एकीकडे ती भारतातील खालच्या मानलेल्या जातीजमातींच्या माथी मारली गेली. दुसरीकडे, ज्यांनी पिढ्यानपिढ्या वर्णद्वेष सोसला त्यांचा विश्वास दुखावला.

हा प्रश्न आपल्या उंबरठ्याबाहेरचा नाही. 'आमचे पूर्वज थेट अरबस्तानातून आले' असे आपल्याकडेही अभिमानाने सांगितले जाते. कोकणच्या बंदरांत अरब व्यापारी येत होते हा इतिहास आहे. ज्याच्या घरी ते खरे असेल त्याने अवश्य सांगावे. परंतु सोयरीक जुळवताना विणकराचा, खाटकाचा वा तेल्याचा मुलगा कमी लेखण्यासाठी ते सांगितले जात असेल, तर अरबाला अरबेतरावर श्रेष्ठत्व नाही ही पैगंबरसाहेबांची शिकवण आपण विसरलो असेच म्हणावे लागेल.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा जो व्यवसाय असेल तो न लाजता लिहा. आणि पालकहो, तो लिहिताना मुलाचा हात अडखळला, तर त्याला आपल्या आजोबांच्या कष्टांची खरी हकीकत सांगा.