झ्विनचा गाळ

बेल्जियममधलं ब्रुज शहर गाळानं बुडालं, असं तिथला होडीवाला सांगतो, गाइड सांगतो, माहितीपत्रकातही तेच छापलेलं असतं. उभी नोकरी पाटबंधारे खात्यात काढलेल्या माणसाला हे ऐकून गप्प बसवत नाही. गाळ साचतो हे खरं; पण तो उपसायचा की नाही हे माणसं ठरवतात, आणि पुष्कळदा तो वाढवतातही माणसंच. ब्रुजमध्ये दोन्ही घडलं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिथं निवांत राहिलो. बायकोचा गुडघा दुखरा, म्हणून एका दिवसात एकच भाग बघायचा असं ठरवलं होतं. या शहराला तीच चाल मानवते.

समुद्र इथून पंधराएक किलोमीटरवर. 1134 च्या वादळात पाणी आत घुसलं आणि झ्विनची खाडी तयार झाली, असं परंपरेनं सांगतात. मोठी जहाजं आधी दाम गावी, पुढे स्लुइसला थांबत. तिथून माल लहान पडावांत भरून शहरात येई. 1277 मध्ये जिनोआची व्यापारी जहाजं इथवर पोहोचली. मग इंग्लंडची लोकर, फ्रान्सची वाइन आणि व्हेनिसच्या गलबतांतून आपल्या मलबारची मिरी, असं सगळं ब्रुजच्या बाजारात येऊ लागलं. मार्क्ट या मुख्य चौकात तर चक्क पाण्यावर उभी असलेली वखार होती. पडाव थेट छपराखाली शिरत, त्यामुळे पावसातही माल कोरडाच उतरे. 1787 मध्ये ती वखार पाडली. त्या जागी आता प्रांताची सरकारी इमारत आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो.

सेंट जॉनच्या जुन्या इस्पितळात हान्स मेमलिंगची चित्रं आहेत. 1479 च्या मोठ्या वेदीचित्रात मेरी आणि संतांच्या मागे बोटभर रस्ता दिसतो. मी रंग बघत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, तिकडे बघा, क्रेन!" खरंच, त्या इवल्याशा रस्त्यात ब्रुजची लाकडी क्रेन आणि वाइनची पिंपं होती. या क्रेनच्या भल्यामोठ्या चाकात माणसं चालायची आणि त्यांच्या वजनावर पिंप वर जायचं. धर्मचित्रातही चित्रकाराला ती घ्यावीशी वाटली, यावरून तिची शहरातली पत मला कळली.

आता गाळाचं. भरतीला जेवढं पाणी खाडीत शिरतं तेवढंच ओहोटीला बाहेर धावतं, आणि त्या वेगानंच तळ धुतला जातो. पाण्याला पसरायची जागा कमी केली की वेग मरतो. झ्विनच्या काठी मठांनी आणि जमीनदारांनी नेमकं हेच केलं. कोकणात बांध घालून खाजणं काढतात, तशी त्यांनी खारवटं अडवून मेंढ्यांची कुरणं आणि शेतं केली. प्रत्येक बांधामागे खाडीची ताकद घटत गेली.

तरीही माझं मत असं, की व्यापारी टिकले असते तर गाळ उपसला गेला असता. 1488 मध्ये ब्रुजच्या नागरिकांनी आपला राज्यकर्ता माक्सिमिलियान यालाच मार्क्टवरच्या क्रानेनबुर्ग या घरात कोंडून ठेवलं. (तिथं आता कॅफे आहे, आम्ही खिडकीजवळ बसून कॉफी घेतली.) सुटल्यावर त्यानं परदेशी व्यापाऱ्यांना अँटवर्पला जायला लावलं. 1501 मध्ये पोर्तुगिजांची पहिली मिरीही अँटवर्पलाच उतरली. गिऱ्हाईकच उठून गेल्यावर खाडीवर खर्च करायला पैसा कुठून येणार? 1546 मध्ये लान्सलॉट ब्लाँडील या चित्रकारानं ब्रुज ते समुद्र नव्या कालव्याचा आराखडा काढला. असा कालवा आणि झेब्रुग बंदर रीतसर सुरू व्हायला 1907 उजाडलं. चित्रकाराला सुचलेलं ते काम बघून मला मनापासून आदर वाटला.

शेवटी आम्ही क्नोकेजवळ उरलेलं झ्विन बघायला गेलो. आता ते पक्ष्यांसाठी राखलेलं आहे. तेही गाळानं भरत चाललं होतं, म्हणून 2019 मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी जुना बांध फोडला, नवा मागे बांधला आणि सुमारे 120 हेक्टर जमीन भरतीला मोकळी करून दिली. मी बायकोला बांधावरूनच समजावून सांगितलं: पाणी जास्त शिरलं की जास्त जोरानं परतणार.

"मग हे तेव्हाच का नाही केलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, जमीन मिळत होती मठांना आणि बंदर जात होतं ब्रुजचं. बांध घालणाऱ्याला ब्रुजची फिकीर करायचं काही कारणच नव्हतं.